जुव्यावरचा लगाम

मंगळवारी दुपारी आईच्या मनगटावरचा पट्टा आवळला, तेव्हा केतकी कॅसिनोतल्या विसाव्याच्या खिडकीपाशी भरतीचं पाणी बघत उभी होती. भिंतीवरचा दिवा लुकलुकला. कोण येतंय हे बघायला तिला वळावं लागलं नाही, पावलांचा आवाजच सांगत होता. तीस वर्षं एसटीच्या धावत्या गाडीत उभं राहून तिकिटं फाडलेली बाई घट्ट जमिनीवरही जरा पाय फाकूनच चालते.

"आले बाई तुझ्या शाळेत," तिची आई, शुभदा परब, म्हणाली आणि वेताच्या खुर्चीत धपकन बसली. "दे तुझं सरबत."

केतकीने कोकमाचं सरबत तिच्यापुढे ठेवलं. "चांगलं चाललं होतं का?"

"चाललं होतं म्हणून तर चिडले. यंत्रावर दोन मोर आले होते. तिसरा हा एवढासा वर अडकला." आईने अंगठा आणि तर्जनी यांच्यात तांदळाचा दाणा मावेल इतकी फट दाखवली. "पुढच्या डावात येणारच होता. आणि नेमका तुझा पट्टा आवळला."

"माझा कसा गं तो?"

"तुझाच. घरोघर तूच सांगत फिरली होतीस ना?"

ते मात्र खरं होतं.

वेळखोलच्या खाडीत मधोमध एक बेट आहे. खाडीतल्या बेटाला तिकडे जुवाच म्हणतात. त्यामुळे या बेटावर कॅसिनो येणार असं ठरलं तेव्हा गावात पहिला विनोद झाला तो 'जुव्यावर जुवा' असा. पण हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती ती. खाडीवर नवा पूल झाल्यापासून फेरीबोटी बंद पडल्या होत्या, गाड्या वेळखोलला वळसा घालून सुसाट जात होत्या, आणि शिकलेलं एकही पोर गावात राहत नव्हतं. राज्याचा कायदा नवा होता. ज्या गावाला कॅसिनो हवा, त्या गावाने मत देऊन ठरवायचं. आणि अट अशी, की खेळणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर लगाम हवा.

लगाम म्हणजे दोन बोटं रुंदीचा मऊ पट्टा. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत तो तयार झाला, तिथे केतकी सहा वर्षं काम करत होती. त्यामागचं शास्त्र ती वेळखोलच्या बायकांना पडवीत बसून सांगायची तेव्हा मोठे शब्द वापरत नसे. ती म्हणायची, माणूस जिंकला की मेंदूत आनंदाचा एक झरा सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गंमत अशी, की थोडक्यात हरला तरी जवळजवळ तसाच झरा सुटतो. दोन चित्रं जुळली आणि तिसरं निसटलं, तर डोळ्यांना दिसते हार, पण मेंदू म्हणतो, आलं होतं, आता येईल. यंत्रं मुद्दाम तशीच बनवलेली असतात. शहाण्या माणसाचा हात हरल्यावर क्षणभर थांबतो. घसरायला लागलेल्याचा तो थांबा आखूड होत जातो, तळव्याला घाम येतो, नाडीची चाल बिघडते, आणि त्या माणसाला स्वतःला यातलं काही कळत नाही. पट्ट्याला मात्र कळतं. या सगळ्याचा मिळून तो शंभरांत एक आकडा काढतो. आकडा साठवर गेला की पट्टा हलकेच आवळतो आणि यंत्राचं बटण विझतं. मग माणसाने उठून विसाव्यात यायचं, सरबत प्यायचं, खिडकीतून खाडी बघायची. अर्ध्या तासाने त्याला परत जायची मोकळीक. पण दहांतले आठ जण परत जात नाहीत, घरी जातात.

"म्हणजे हा जुगार नव्हे," बायका म्हणाल्या होत्या, "जत्रेतला पाळणा झाला. चक्कर यायच्या आत उतरवणारा."

कॅसिनोला भरघोस मतं पडली. कंपनीने केतकीलाच विसाव्याची प्रमुख नेमलं आणि ती वेळखोलला, आईच्या आणि नवऱ्याच्या गावी, परत आली. परत येण्याचं समाधान असं, की रोज सकाळी धक्क्यावर उभं राहिलं तरी ते डोळ्यांना दिसायचं. कोल्हापूर-बेळगावच्या गाड्या यायच्या, आणि फेरीबोट बंद पडल्यावर आंब्याच्या बागा राखणारा तिचा नवरा सर्वेश आता तीन लाँचींमधून माणसं जुव्यावर सोडायचा. कॅसिनोच्या उत्पन्नातल्या गावच्या हिश्श्यातून नळाचं पाणी आलं, डायलिसिस केंद्र उभं राहिलं. वाईटही झालं. खानावळीतली आचारी माणसं कंपनीने उचलली, म्हणून बाजारपेठेतली जुनी खानावळ बंद पडली. महागलेल्या सुरमईला गावचं गिऱ्हाईक हात लावेनासं झालं. शाळेतल्या मास्तरांना भाड्याने खोली मिळेना, कारण प्रत्येक खोलीला 'सागरदर्शन' असं नाव लागलं होतं. तरी एकंदरीत लोक खूश होते.

आणि आई. बाबा गेल्यावर ती दोन वर्षं अंगणाच्या पायरीवर बसून होती. आयुष्यभर गर्दीत वाढलेली बाई, घरात तिच्याशी बोलायला एक मंदामावशी. मंदामावशी म्हणजे आईची थोरली बहीण, एकटी, मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून तिच्याकडेच राहणारी. आई तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला नेई-आणी आणि मंगळवारी जुव्यावर जाई. तिथे थंडगार हवा, दिवे, माणसांचा गजबजाट. ती पुन्हा पावडर लावू लागली, पुन्हा मोठ्याने हसू लागली. केतकीने ते बघितलं होतं. म्हणूनच आईचा पट्टा दर मंगळवारी आवळतो, आणि अलीकडे येताच अर्ध्या तासात आवळतो, याबद्दल ती घरात बोलली नव्हती. नियमानेही बोलता येत नव्हतं. कुणाचा आकडा काय, हे विसाव्याबाहेर जायचं नाही, अशी तिने सही केली होती.

"काय बघतेस माझ्या हाताकडे?" आई म्हणाली.

"काही नाही."

आईची तर्जनी खुर्चीच्या हातावर टकटक आपटत होती. तिचं तिला कळत नव्हतं.

*

तिसऱ्या वर्षी पावसाळा सरल्यावर कंपनीचे व्यवस्थापक राजाध्यक्ष यांनी केतकीला बोलावलं. माणूस सभ्य होता, आवाज चढवत नसे.

"केतकीताई, तुमचा लगाम फार चांगला आहे," ते म्हणाले. "इतका चांगला, की आमचं दुकान बंद व्हायची वेळ आली."

"म्हणजे?"

"हा धंदा जगात कुठेही बघा. शंभर माणसं येतात, नव्वद जण गंमत म्हणून खेळतात आणि जातात. त्यांच्यावर दिव्यांचं बिलही निघत नाही. धंदा चालतो तो उरलेल्या दहांवर. ज्यांना उठता येत नाही त्यांच्यावर." "तुम्ही नेमके त्यांनाच उठवता."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात असताना तिने हे वाचलं होतं. पण लगामाने त्या दहा जणांना वाचवलं की पुढे काय, हा प्रश्न तिने कधी स्वतःला विचारला नव्हता. गावाला नळ हवा होता, आणि नळ देणारी ती दहा माणसंच होती.

"मग आता?"

"साठचा आकडा पंचाहत्तर करावा, एवढंच म्हणणं आहे. लगाम काढत नाही आम्ही. जरा सैल. कायद्याने त्याला पुन्हा गावाचं मत लागेल. त्याआधी पंधरा दिवस पंचाहत्तरवर चालवून दाखवू, लोकांनी बघावं आणि ठरवावं. नाही म्हणाले तर आम्ही गाशा गुंडाळू. धमकी नाही ही. हिशोब आहे."

"पंचाहत्तरला माणूस आपल्या ताब्यात नसतो, साहेब. साठला हाक ऐकू येते. पंचाहत्तरला येत नाही."

"ते तुम्ही लोकांना सांगा," राजाध्यक्ष म्हणाले. "मी अडवणार नाही."

घरी आल्यावर तिने सर्वेशला सांगितलं. तो पडवीत बसून लाँचीचा पंखा साफ करत होता. त्याने हात थांबवला नाही.

"पंचाहत्तर काय नि साठ काय. लोकांना मत दिलंय, लोक ठरवतील."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? माझ्याकडे बारा जण कामाला आहेत. त्यातले सात मुंबईहून परत आलेत, मी बोलावलं म्हणून. त्यांना काय सांगू? माझ्या बायकोला आकडा आवडला नाही?"

"सर्वेश, त्या दहांतली माणसं आपल्याही गावची आहेत."

"कोण?"

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला वाटलं, याने ओळखलं. पण तो पुन्हा पंख्याकडे वळला. "ज्याची त्याला अक्कल असते," एवढंच म्हणाला.

*

पंधरा दिवसांच्या चाचणीत विसावा ओस पडला. सरबताचे पेले भरलेले तसेच राहू लागले. केतकी खोलीत येरझाऱ्या घालायची, खिडकी उघडायची, लावायची, दिव्याकडे बघत बसायची. दिवा लुकलुकत नव्हता. पलीकडे मात्र यंत्रांचा किणकिणाट वाढला होता. राजाध्यक्षांनी रोजचं उत्पन्न धक्क्यावरच्या फलकावर लावायला सुरुवात केली, आणि लोक मासळी घ्यायला येता-जाता फलक वाचून मान हलवायचे. इतकं सोपं होतं होय, असा भाव त्यांच्या चेहऱ्यांवर असायचा.

आई आता मंगळवारीच नाही, रोज येत होती. विसाव्यात मात्र एकदाही आली नाही.

एका शुक्रवारी केतकीचा फोन वाजला. डायलिसिस केंद्रातली परिचारिका बोलत होती. "ताई, तुमच्या मावशी बाहेर पायरीवर बसल्यात. त्यांचं होऊन बराच वेळ झाला. न्यायला कोणी आलं नाही. थकल्यात हो खूप, आत येऊन पडा म्हटलं तर येत नाहीत. शुभी येईल म्हणतात."

केतकीने सर्वेशला फोन करून मावशीला घरी पोचवायला सांगितलं आणि ती मोठ्या दालनात शिरली.

आई मोरांच्या यंत्रापुढे बसली होती. पदर खांद्यावरून घसरला होता. पर्स जमिनीवर पडली होती, तिच्यावरून कोणाचा तरी पाय गेला होता. बोट बटणावर पडत होतं, चित्रं फिरत होती, थांबायच्या आत बोट पुन्हा पडत होतं. थांबा उरलाच नव्हता. पट्ट्यावरचा ठिपका हिरवा होता.

"आई."

काही नाही.

"आई, मंदामावशी केंद्राच्या पायरीवर बसली आहे."

"हो, येते," आई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण मागच्या कुठल्या तरी खोलीतून आल्यासारखा. "हे एक होऊ दे. एक मिनिट."

केतकी तशीच उभी राहिली. एक मिनिट झालं, मग आणखी किती तरी. आकडा ओलांडल्याशिवाय कुणालाही उठवायचा अधिकार तिला नव्हता. तिने वाकून आईचं मनगट धरलं आणि पट्ट्याची कडी उघडली. पट्टा सुटला की यंत्र बंद पडतं. मोर जागच्या जागी विझले.

आईने वळून पाहिलं. आधी तिला ओळख पटली नाही, मग पटली. आणि तिने लेकीच्या हातावर फाडकन फटका मारला. आजूबाजूची बोटं क्षणभर थांबली.

"कोणी सांगितलं तुका हात लावूक?" आई चिडली की तिची भाषा थेट तिच्या माहेरच्या वाडीत जायची. "माझो हात आसा हो! माझो!"

"आई, मावशी..."

"मावशी मावशी! जल्मभर माणसांक पोचवलंय मी. कोणाक एक दिवस उशीर झालो तर काय आभाळ कोसळता?"

मग तिने पर्स उचलली, झटकली, आणि मागे न बघता ती धक्क्याकडे निघून गेली. त्या दिवसापासून ती केतकीशी बोलली नाही.

*

मतदानाआधीच्या रविवारी सकाळी नगरपंचायतीच्या सभागृहात सभा भरली. बसायला जागा नव्हती. राजाध्यक्षांनी आकडे मांडले. मग केतकी उठली. साठ म्हणजे काय, पंचाहत्तर म्हणजे काय, मधल्या पंधरात माणसाचं काय होतं, ते तिने साध्या भाषेत सांगितलं. चाचणीत उत्पन्न दुपटीवर गेलं ते नवी माणसं आली म्हणून नव्हे, तीच माणसं उठली नाहीत म्हणून, हेही सांगितलं.

"कोण ती माणसं?" मागून कोणीतरी ओरडलं. "बाहेरगावचीच ना? त्यांच्या घरच्यांनी बघावं!"

"सगळी बाहेरची नाहीत."

"मग नावं सांगा!"

"नावं सांगता येत नाहीत."

हशा पिकला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आई उभी राहिली. हिरवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर, चेहरा ताठ.

"मी तीस वर्षं एसटीत घंटा मारली," ती म्हणाली. "एक मारली की गाडी थांबायची, दोन मारल्या की निघायची. कुठे थांबायचं ते मी ठरवत होते. आता माझ्या मनगटावर कोणी घंटा बांधणार, आणि ती वाजली की मी ऊठ? मी काय अंगणवाडीतलं पोर आहे? माझी पेन्शन, माझा वेळ. बाईमाणूस म्हातारी झाली की सगळे तिला उठवायला टपलेले असतात. ऊठ, जेव. ऊठ, नीज. ऊठ, पुरे झालं. मला कोणी उठवू नये. माझं मत पंचाहत्तरला."

टाळ्या थांबेनात. बायकांनी तर जास्तच वाजवल्या. केतकी व्यासपीठावर उभी होती. आईचं प्रत्येक वाक्य खरं आहे हे तिला पटत होतं. एवढ्या गर्दीत दोघीच जणींना माहीत होतं, की ज्या हाताची ही बाजू मांडली जातेय तो हात यंत्रापुढे आईचा नव्हताच. एक शब्द बोलली असती तर सभा फिरली असती. ती माईक ठेवून खाली उतरली.

घरी जाताना सर्वेश म्हणाला, "तू सांगितलं का नाहीस?"

"तुला माहीत होतं?"

"लाँचीतून मीच ने-आण करतो त्यांची. जाताना गप्पा मारतात, येताना पाण्याकडे बघत बसतात. मला कळत नाही होय?" थोडं चालून तो म्हणाला, "तरी माझं मत पंचाहत्तरलाच आहे. आत्ताच सांगून ठेवतो. नंतर कळलं असं व्हायला नको."

*

निकाल लागला तेव्हा दोन्ही बाजूंना धक्का बसला. पंचाहत्तरचा प्रस्ताव हरला. अगदी थोडक्यात, दोनदा मोजणी करावी लागली इतक्या थोडक्यात. सभेत टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी पडद्याआड काय केलं, ते कोणालाच कधी कळलं नाही. मंदामावशीला केतकीने विचारलं, तर ती म्हणाली, "मला कसलं मत? मतदानाच्या दिवशी माझी पाळी होती. यंत्राला नळ्या लावून पडले होते मी."

राजाध्यक्षांनी शब्द पाळला. जानेवारी संपायच्या आत जुव्यावरचे दिवे उतरले. जाताना त्यांनी केतकीशी हात मिळवला. "तुम्ही जिंकलात," ते म्हणाले. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, पण तो लागला.

जिंकल्याचं गावात कुठे दिसत नव्हतं. 'सागरदर्शन'च्या पाट्या उन्हात विटल्या. मास्तरांना खोल्या मिळाल्या. जुनी खानावळ पुन्हा उघडली, पण तिच्यात जेवायला माणसं आली नाहीत. सुरमई स्वस्त झाली आणि ती विकत घ्यायला हातात काही उरलं नाही. सर्वेशच्या दोन लाँची धक्क्याला बांधून पडल्या, सात जणांतले पाच मुंबईला परत गेले. जाताना ते त्याला भेटून गेले, केतकीला नाही. डायलिसिस केंद्र आठवड्यातून दोनच दिवस उघडं राहू लागलं. मंदामावशीला तिसऱ्या खेपेला कुडाळपर्यंत धक्के खात जावं लागायचं. बाजारात केतकीला बघून बायका बोलणं थांबवायच्या, ती पुढे गेली की पुन्हा सुरू करायच्या. ती सकाळी उठायची ते कुठे जायचं नसताना, आणि घरातल्या घरात फिरत राहायची. गादी झाड, डबे पूस, पुन्हा तीच गादी झाड. सर्वेश भांडत नव्हता. त्याने भांडण करावं असं तिला रोज वाटायचं.

आणि आई पायरीवर बसली होती. पावडर नाही, बोलणं नाही. मांडीवरची तर्जनी मात्र टकटक चालूच.

*

खाडीच्या पलीकडच्या काठाला सुरंगपाणी लागतं. तिथल्या लोकांनी उन्हाळ्यात मत दिलं आणि पंचाहत्तर मान्य केलं. मे महिन्यात त्यांच्या धक्क्याला कॅसिनोची पांढरी बोट येऊन लागली. कंपनी तीच, व्यवस्थापकही तेच. सर्वेशला निरोप आला आणि त्याने दोन्ही लाँची सोडल्या. केतकीला त्याने आदल्या दिवशी सांगितलं, विचारलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. "आई लाँचीत बसल्यात," तो म्हणाला. इंजिनच्या आवाजात त्याचा आवाज कापरा वाटत होता. "मी नाही म्हणालो असतो तर पुलावरून रिक्षा करून गेल्या असत्या. मी अजून दोरी सोडलेली नाही. काय करू?"

"थांब जरा," केतकी म्हणाली.

ती धावत धक्क्यावर गेली. आई पुढच्या बाकावर बसली होती, पर्स मांडीवर. केतकी लाँचीत उतरली आणि तिच्या शेजारी बसली. आईने तोंड फिरवलं. सर्वेशने दोघींकडे बघितलं आणि दोरी सोडली.

बोटीवर दारातच पट्टे बांधले जात होते. केतकीनेही मनगट पुढे केलं. जुव्यावर कर्मचाऱ्यांना खेळायची बंदी होती, त्यामुळे इतक्या वर्षांत तिने दुसऱ्यांना शेकड्यांनी पट्टे बांधले होते, स्वतःला कधीच नाही. आई एका यंत्रापुढे बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती. आईकडे नुसतं बघत बसणं बरं दिसेना, म्हणून केतकी तिथे बसली, आणि काहीतरी करायचं म्हणून तिने बटण दाबलं.

कमळ, मासा, नाणं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. बावळट खेळ आहे, तिला वाटलं. मग एक कमळ आलं, दुसरं आलं, आणि तिसरं हळूहळू सरकत रेषेच्या किंचित वर थांबलं.

तिला हे सगळं पाठ होतं. कुठली पेशी, कुठला स्राव, किती क्षणांत, यावर तिचा स्वतःचा प्रबंध होता. आणि तरी छातीत काहीतरी उडी मारून उठलं, जसं अंधारात पाय चुकल्यावर उठतं. आलं होतं. तिचं बोट आधीच खाली गेलं होतं. पुढची चित्रं फिरली. वेळखोल नाही, बाजारातल्या बायका नाहीत, सर्वेशची शांतता नाही. किती महिन्यांनी डोक्यातली ती घरघर थांबली होती. फक्त तिसरं कमळ. किती सोपं होतं. किती गार वाटत होतं. आई हेच शोधत होती तर. हा विचार आला आणि पुढच्या चित्रांबरोबर फिरून गेला. ती शेजारी बघायला विसरली. आपण इथे कशाला आलो तेही विसरली.

कोणीतरी तिचं मनगट धरलं.

"ऊठ."

"हो, एक मिनिट," केतकी म्हणाली.

"ऊठ म्हणतंय ना."

"एकच, आई. येतंय आता. एक मिनिट फक्त."

धरलेल्या बोटांची पकड घट्ट झाली. तिकिटाचा पंच तीस वर्षं दाबलेली बोटं होती ती. "ह्याच एका मिनटात मी माझ्या भयणीक पायरीर बसवन ठेवलंय," आई हलक्या आवाजात म्हणाली. "ऊठ गो बाये. तुझो हात बघ कसो झालो तो."

केतकीने खाली पाहिलं. तळवा घामाने चिंब झाला होता. तर्जनी हवेत, बटणाच्या वर, आपोआप खाली-वर होत होती, आणि ती तिला थांबवता येत नव्हती. पट्ट्यावरचा ठिपका हिरवागार होता.

आईच्या मागे तिचं यंत्र उजळलेलंच होतं. त्याच्यावर दोन मोर थांबलेले होते आणि तिसरा अजून फिरत होता. आईने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती उठू शकली नसती, हे केतकीला तिच्या मानेच्या ताणावरून कळत होतं. तिने लेकीला खुर्चीतून अक्षरशः ओढून उभं केलं. दोघी एकमेकींना धरून, ठेचकाळत, दिव्यांच्या रांगांमधून दाराकडे निघाल्या. मागे यंत्राने कसलीशी धून वाजवली. जिंकल्याची असावी, हरल्याचीही असेल.

"चल घराक," आई म्हणाली. "फुडे बघ. मागे बघू नको."

बाहेर लख्ख ऊन होतं. सर्वेश लाँचीत उठून उभा राहिला, त्याने दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता हात पुढे केला. केतकी आधी उतरली. आईने मात्र तिचं मनगट सोडलं नाही. लाँच निघाली, पांढरी बोट मागे पडली, वारा लागला, तरी सोडलं नाही.